एका वाडग्यातली दोघं

सानवुई, १४ ऑक्टोबर

वन्सं,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच बाजूला टाकाल, अशी भीती वाटली. म्हणून पत्ता पुइ-शानकडून लिहून घेतला. भाचीचं समजून तरी उघडलं असेल. मकावला फोन केला तर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. कागदाला आवाज नसतो, तेव्हा आता शेवटपर्यंत वाचा.

इकडे सालांचा हंगाम सुरू आहे. सकाळपासून संत्र्यांना तीन चिरा द्यायच्या, साल फुलासारखी उलगडायची आणि औषधासाठी गच्चीवर उन्हात पसरायची. गर पडून राहतो. शेजारचे लूक काका रोज तोच विनोद करतात, "आपलं गाव बघा, संत्र्याचे कपडे जपून ठेवतं आणि संत्र्याला हाकलून देतं." तुमचा भाऊ चीक-तोंग दर वेळी हसायचा. मी आता त्याच्या वाटचंही हसते.

खरं काम सांगते. दोन नोव्हेंबरला मोठ्या इस्पितळाची तुकडी आपल्या क्वान कुळाच्या दालनात येणार आहे. नाकामागच्या कॅन्सरसाठी. आपल्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, ‘ते’ म्हणतात. चीक-तोंग गेल्यापासून मी घेते. नाव न घेतल्यानं आमच्या दारावरून तो काही पुढं गेला नाही.

ज्यांच्या घरात कुणाला हा आजार झाला, त्यांच्या सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं रक्त घेणार आहेत. मी माहितीपत्रक वाचलं, मग तालुक्याच्या वाचनालयात जाऊन एक पुस्तकही वाचलं. सालांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकलेली बाई मी, मला समजलं तेवढं सांगते. रक्त स्थिर ठेवून वरचं पिवळसर पाणी काढतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण मिसळतात आणि त्यावर लेझरचा किरण सोडतात. परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. रक्तात काय काय आहे, त्यावर तो बदल ठरतो. मशीन त्याची एक रेघ काढतं, डोंगररांगेसारखी चढउताराची. निरोगी माणसाची रांग वेगळी, आजाऱ्याची वेगळी. गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी हे दिसू शकतं, असं त्यांना वाटतं. अजून ते तपासूनच पाहताहेत, हेही त्यांनी लिहिलंय. या पद्धतीला रामन नावाच्या भारतातल्या माणसाचं नाव आहे. समुद्र निळा का दिसतो, असा प्रश्न त्याला पडला होता म्हणे. चीक-तोंग म्हणाला असता, "बघ, रिकामटेकडे प्रश्नच शेवटी उपयोगी पडतात."

वन्सं, त्याला तुम्ही एकच बहीण. सासूबाई बंधाऱ्याच्या कामावर जायच्या आणि तुम्ही त्याला पाठीला बांधून फिरायचात. पेजेत खारी मासळी कुस्करायची, एक घास त्याला, एक घास तुम्हाला. हे त्यानंच मला सांगितलं, लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात, मोठ्या प्रेमानं. लहानपणी खाल्लेल्या खाऱ्या मासळीनं हा आजार होऊ शकतो म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरनं तसं खायचात का विचारलं, तेव्हा तुम्ही खोलीतून उठून गेलात. तो गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि त्यानंतर तुम्ही या घरात आला नाहीत. त्याबद्दल मी काही विचारत नाही. मी एवढंच म्हणते की वाडगा एक होता. तुमचं रक्त तपासायला हवं.

दोन तारखेला सकाळी उपाशीपोटी या.

युत-हो


सानवुई, ४ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्ही आला नाहीत. यादीतून तुमचं नाव पुकारलं तेव्हा मी "वाटेत आहेत" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा यादीवाल्या मुलीनं पुकारलंच नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

माझं रक्त घेत नाहीत. मी हात पुढं केला होता. तिथल्या प्रमुख डॉ. च्याओ, उत्तरेकडच्या आहेत, उंच आणि वयानं लहान. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्यांची बायको. रक्ताचं नातं लागतं." बरोबरच आहे, पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपले, त्याच्या नाकातून आलेलं रक्त उशीवरून मीच धुतलं, आणि रक्ताच्या कामात मी परकी.

म्हणून मला जमेल ते मी केलं. सूप केलं. डुकराची कलेजी, चरबीचं मांस, लाल खजूर आणि गोजीची सुकी फळं, दालनाच्या मागच्या अंगणात मोठं पातेलं पहाटेपासून मंद आचेवर. रक्त जाणार म्हटल्यावर आधी भरायला नको का? नंबर यायला दोन-दोन तास होते, तोवर सगळे माझ्याकडे येऊन वाडगाभर पिऊन जात होते. पुइ-शाननं दोन वाडगे प्यायले. दारात नर्स विचारायची, "उपाशी आहात ना?"

"कडकडीत!" लूक काका म्हणाले. "सकाळपासून दाताला काही लागलेलं नाही." त्यांचे ओठ अजून तुपकट चमकत होते.

पुइ-शान सुईला घाबरली नाही. डोळे मिटून बसली होती, अगदी बापासारखी.

तुम्ही आला नाहीत तरी या वर्षीही चिंगमिंगला, पूर्वजांची थडगी झाडायच्या दिवशी, तुमच्या वडिलांच्या थडग्यापाशी भाजलेल्या डुकराचा तुमचा वाटा काढलाच होता, हे सांगायचं राहिलं होतं. वाटा कापताना कुणी विचारलं नाही की ती आहे कुठे. कुळातल्या माणसाचा वाटा असतोच, तो असो की नसो.

युत-हो


सानवुई, २४ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र आलं. दोन ओळींचं का असेना, आलं. आधी इकडची गंमत सांगते, मग त्या ओळींकडे वळते. त्यांच्याकडे लगेच वळायचं बळ माझ्यात नाही.

मशीननं अर्ध्या गावाला आजारी ठरवलं. डॉ. च्याओ स्वतः धावत आल्या, चेहरा पांढराफटक. दालनात सगळ्यांना बोलावून त्यांनी काचेची एक नळी खिडकीकडे धरली. "ही फिक्कट चहासारखी दिसायला हवी. ही बघा. सोयाबीनचं दूध आहे नुसतं! यातून प्रकाश जाणार कसा? सगळ्या रेघा भरकटल्यात. तुम्ही उपाशी होतात ना?"

"होतो," सगळे एका सुरात.

"मग रक्तात एवढी चरबी कुठून आली?"

मग लूक काकांच्या सूनबाई म्हणाल्या, "खाल्लं काहीच नाही डॉक्टर. युत-होचं सूप तेवढं घेतलं."

"सूप?"

"सूप म्हणजे काय खाणं थोडंच?"

बिचारी डॉक्टर खालीच बसली. तिच्या गावाकडे सूप जेवणाच्या शेवटी येतं म्हणे, आणि ते जेवणातच मोजतात. आमच्याकडे ते आई घालते, आणि आईनं घातलेलं मोजतं कोण? तिनं कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "मावशी, त्यात काय काय होतं?" मी सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. वर्षभराचं काम माझ्या पातेल्यात बुडालं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा घेऊ. नऊ डिसेंबरला. आणि या वेळी पातेलं मला आधी दाखवायचं. रिकामं."

यादी बंद झाली होती, ती पुन्हा उघडली आहे.

आता तुमच्या ओळी. तुम्ही लिहिलंत, ‘मी भरवलं. मला झालं तर ते बरोबरच होईल.’

वन्सं, त्या उपासमारीच्या वर्षी घरात दुसरं काय होतं, ते सांगा. तांदूळ पातळ करून करून पाण्यासारखा झालेला. मासळीचा तुकडा नसता तर त्यानं पेज तोंडात घेतली नसती, हे सासूबाईच सांगायच्या. आपल्या या किनाऱ्यावरच्या प्रत्येक आईनं आणि ताईनं हेच भरवलं. त्या पोरांमधली बहुतेक सगळी आज म्हातारी होऊन पत्ते कुटत बसली आहेत. एकाला झालं, तो माझा होता. पण तो मोठा झाला, माझ्या दारात भिजलेली छत्री घेऊन आला, पुइ-शानला खांद्यावर बसवून नदीवर घेऊन गेला, हे सगळं त्याच वाडग्यातून आलं. तुम्ही भरवलं नसतं तर मला विधवा व्हायलाही नवरा मिळाला नसता. त्या वाडग्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेलेत. आज मानते.

तुम्हाला शिक्षा हवी आहे. मला नणंद हवी आहे. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर जरा माझ्याकडे बघा.

नऊ डिसेंबर. खरोखरच उपाशी.

युत-हो


सानवुई, १० डिसेंबर

वन्सं,

काल बोलायला वेळच मिळाला नाही, म्हणून आज लिहिते.

दालनाच्या उंबऱ्यावर तुमचा आवाज आला, "एवढी गर्दी कसली? कुणी फुकट भात वाटतंय का?" आणि माझ्या हातातला खुर्च्यांचा ढिगारा खाली पडला. लूक काका ओरडले, "साऊ-मान! म्हातारी झालीस की गं!" तुम्ही म्हणालात, "तू कधी तरुण होतास रे?" गावाला तुमची इतकी आठवण येत होती हे गावालाही तेव्हाच कळलं.

नर्सला तुम्ही म्हणालात, "जपून घे गं बाई, हे मकावचं रक्त आहे, तिकडे सगळंच महाग." ती पोर घाबरून खरंच जपून घेत होती. मी भिंतीशी उभी होते. नळी भरताना तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. चीक-तोंगही असंच बघायचा, भांडण संपलं की.

घरी आला नाहीत, त्याचं मला काही नाही. तुकडीनं दिलेला पाव पायरीवर बसून खाल्लात आणि बस धरलीत. जाताना माझ्या बाहीला चिकटलेला सालीचा तुकडा झटकून टाकलात. मी ती बाही आज धुतली नाही.

डॉ. च्याओंनी या वेळच्या नळ्या खिडकीशी धरून मला दाखवल्या. एकजात चहासारख्या. म्हणाल्या, "बघा मावशी, तुमचं गाव स्वच्छ असलं की असं दिसतं."

आलात, त्याबद्दल आभार.

युत-हो


सानवुई, २ जानेवारी

वन्सं,

हे पत्र पुइ-शान तुमच्या हातात देईल. तिला दारातून परत पाठवू नका. तिला मी सांगितलंय की आत्यानं अंगावर कोट चढवेपर्यंत दारातून हलायचं नाही, आणि ती बापावर गेली आहे, हलणार नाही.

डॉ. च्याओंचा फोन मला आला, कारण तुम्ही त्यांचा उचलत नाही. रक्त देताना जवळचं माणूस कोण म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही माझं नाव सांगितलंत म्हणे. ते ऐकल्यावर पुढचं ऐकण्याआधी मला त्यांना थांबा म्हणावं लागलं.

पुढचं असं आहे. पुइ-शानची रेघ जशी हवी तशी आहे. तुमच्या रेघेत दोन ठिकाणी चढ असायला हवा तिथं तो बसलाय, आणि एका ठिकाणी नको तिथं उठलाय. त्यांनी नमुना पुन्हा प्रकाशाखाली धरला, तरी तेच. डॉ. च्याओ म्हणाल्या, "मावशी, प्रकाश फक्त बोट दाखवतो. तिथं काही आहे की नाही, ते नाकातून दुर्बीण घालून, कणभर तुकडा काढूनच ठरेल. नसेलही. पण त्यांच्या जागी माझी आई असती तर मी तिला आजच नेलं असतं."

चीक-तोंगला कुणी बोट दाखवलं नाही. कान भरल्यासारखा वाटतो म्हणायचा, आम्ही पोहण्याचं पाणी गेलं म्हणून सोडून दिलं. मानेवर गाठ आली तोवर ते सगळीकडे गेलं होतं. तुम्हाला काही होत नाहीये, कान ठीक आहे, मान ठीक आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच आज जायचं.

आणि एक विचार मला झोपू देत नाही, चांगल्या अर्थानं. मी सूप केलं नसतं तर नोव्हेंबरमध्येच सगळ्या नळ्या चांगल्या निघाल्या असत्या, यादी बंद झाली असती, आणि तुमचं रक्त कुणी तपासलंच नसतं. आयुष्यात इतका चांगला घोटाळा माझ्या हातून दुसरा झाला नाही.

तुम्ही म्हणाल, झालं तर बरोबरच आहे. चला, ते तिकडे डॉक्टरांसमोर म्हणा. मी ग्वांगझूला, मोठ्या इस्पितळाजवळच्या बसथांब्यावर तुमची वाट बघते आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तिथं पोचलेलीसुद्धा असेन.

युत-हो


सानवुई, १६ जून

वन्सं,

मार्चअखेर तुम्ही मकावला घरी पोचलात, भाड्याची खोली पुसून घेतलीत, मालकिणीशी पहिल्याच दिवशी भांडलात, हे सगळं पुइ-शानकडून तेव्हाच कळलं. बरं वाटलं.

ग्वांगझूच्या त्या दिवसांबद्दल आपण दोघी तिथं काही बोललो नाही. कमळाच्या बीएवढं होतं, नाकामागच्या एका खळग्यात, बाहेर कुठं गेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते चित्रावर दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढंसं? एवढ्याशासाठी मला बोलावलं?" तो तरुण डॉक्टर गोंधळून म्हणाला, "आजी, एवढंसं असतानाच बोलवायचं असतं." रोज सकाळी तोंडावर जाळीचा मुखवटा घालून तुम्हाला आत नेत, किरणं देत, आणि मी बाहेर बाकावर बसायचे. चीक-तोंगच्या वेळचाच बाक होता. इमारत रंगवलीय, बाक तोच आहे. मागच्या वेळी मी तिथं बसून काय मागायचं तेच विसरून जायचे. या वेळी मागायला सोपं होतं, थोडं होतं.

एका संध्याकाळी तुम्हाला गिळता येत नव्हतं आणि मी चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलंत, बराच वेळ. तेव्हा काय म्हणायचं होतं तुम्हाला, ते मी विचारणार नाही. मला वाटतं, ते मला पोचलं.

इकडे लूक काकांच्या मोठ्या मुलाची रेघही वाकडी आली होती. दुर्बिणीत काहीच निघालं नाही, निरोगी आहे. पण तो अजून तणतणतोय, "फुकट माझी झोप घालवली त्या दिव्यानं!" काका त्याला म्हणतात, "अरे गाढवा, झोप गेली तेवढ्यावर भागलं, पेढे वाट." डॉ. च्याओ हेही लिहून घेतात. म्हणतात, प्रकाश कुठे चुकतो तेही कळायला हवं. त्यांचं काम अजून पुष्कळ बाकी आहे. माझ्या घरी येतात, सूप पितात, काम नसलेल्या दिवशी. मी त्यांना मुलीसारखी ओरडते, त्या ऐकतात. त्यांच्या आईला मी पत्र लिहायचं ठरवलंय. असं पोर घडवल्याबद्दल कुणीतरी कळवायला हवं.

तुमच्या तोंडाला मार्चपासून चव नाही, सगळं कापूस चावल्यासारखं लागतं, लाळ सुटत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी दर आठवड्याला सुकवलेले आंबट बोरासारखे आलूबुखार पाठवत होते. इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं होतं, चघळत राहायचं. तुम्ही दर वेळी एवढंच म्हणायचात, "मिळाले." कधी लाकूड चघळतेय म्हणालात, कधी तेही नाही.

आज सकाळी तुमचा फोन आला. स्वतःहून. मी "हॅलो" म्हणायच्या आत तुम्ही सुरू झालात, "युत-हो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे काय पाठवलंयस? इतकं आंबट! दात आंबले माझे, डोळ्यांतून पाणी आलं! कुठल्या भामट्यानं गळ्यात मारलं तुझ्या? इतकी वर्षं बाजारात जातेस, अजून एक फळ निवडता येत नाही?" मी हं हं करत राहिले. तुम्ही थांबतच नव्हतात. शेवटी श्वास लागला तेव्हा फोन ठेवलात.

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते. पुइ-शान धावत आली. "आई, काय झालं? आत्याला काही झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. "आत्या ओरडल्या. पोटभर ओरडल्या."

युत-हो